घरमालकीणबाईंचा कच्चा टाका

विश्वास ठेवावा अशी एकही वस्तू या जगात नाही, हे ज्यांनी स्वतः तपासून पाहिलं होतं अशा एकच बाई मला आयुष्यात भेटल्या, आणि माझ्या नशिबाने त्या माझ्या घरमालकीण निघाल्या. माणसांवर संशय घेणारे लोक पुष्कळ असतात. आमच्या घरमालकीणबाई माणसांपाशी थांबत नसत. त्यांचा दुधावर संशय असे, कुलपावर असे, भिंतीवरच्या पालीवर असे. किराणा दुकानाने दिलेल्या कॅलेंडरावर त्यांचा इतका अविश्वास होता, की शेजारी पतसंस्थेचं दुसरं कॅलेंडर टांगून त्या रोज सकाळी दोन्हीकडची तिथी जुळवत आणि जुळली की अधिकच अस्वस्थ होत. दोघं आतून मिळालेली असली तर काय घ्या. बाहेर जाताना कुलूप लावून त्या तीनदा ओढत आणि मग मला ओढायला सांगत. मी ओढलं की माझ्याकडे बघत विचारत, "एवढ्या जोरानं काऊन ओढून पाह्यलं, गुरुजी?"

मी मूळचा घुग्घुसचा. सिमेंटच्या धुळीत वाढलो आणि प्राथमिक शिक्षक म्हणून बदली होऊन मुलचेऱ्याला आलो. खोली बघायला गेलो तेव्हा बाईंनी माझं ओळखपत्र मागितलं नाही, जात विचारली नाही, बायको कधी येणार हेही विचारलं नाही. म्हणाल्या, हात दाखवा. मला वाटलं भविष्य बघतात. त्यांनी तळवे उलटेसुलटे करून पाहिले, घाम येतो का म्हणून बोटं चोळली आणि एक जुनं लुगडं माझ्या हातात देऊन सांगितलं, दोन्ही कोपरे धरून उभं राहा. मी उभा राहिलो. त्या समोरचे कोपरे धरून ओढत राहिल्या. पाच मिनिटांनी त्यांनी लुगडं खाली ठेवलं आणि खोली मला मिळाली. आधीचे भाडेकरू तलाठी होते. त्यांना या परीक्षेत शिंक आली होती, तरी दया म्हणून ठेवून घेतलं आणि त्याचा पश्चात्ताप बाईंना अजून होता.

याचं कारण असं, की घरमालकीणबाई गोधड्या करत. पंचक्रोशीत त्यांच्यासारखी गोधडी कोणी करत नसे आणि त्यांच्याकडे गोधडी टाकायला जाण्याइतकं अवघडही काही नसे. बायका आपल्या आईची, सासूची जुनी लुगडी घेऊन येत. बाई ती हुंगून बघत, उजेडात धरत, काठ मोजत आणि हे लुगडं तुझ्या आईचंच कशावरून, असं तोंडावर विचारत. एकदोघी रडल्याचं मी पाहिलं आहे. पण येणं कोणी थांबवलं नाही. ज्या बाईचा कोणावर विश्वास नाही ती आपल्या आईच्या लुगड्याची चिंधीसुद्धा इकडची तिकडे होऊ देणार नाही, याची सगळ्यांना खात्री होती. पार एटापल्लीकडून दोन बस बदलून बायका येत, दोन शिव्या खात आणि समाधानाने परत जात.

गोधडीतला धावदोरा, म्हणजे ती शेवटची बारीक शिवण, बाईंच्या मते कोणालाही जमते. खरा प्रश्न त्याच्या आधीचा. वरचं कापड, खालचं कापड आणि मधला भराव हे तीन थर शिवून होईपर्यंत जागच्या जागी धरून कसे ठेवायचे? बाईंचा तिन्ही थरांवर संशय होता, पण मधल्यावर सर्वांत जास्त. "वरचा तं दिसते. खालचा उलटून पाहाता येते. मधला अंदर बसून काय करून राह्यला, कोनाले मालूम?" हे त्या इतक्या गंभीरपणे विचारत, की मीही आत हात घालून बघू लागलो.

थर टाचून ठेवण्याचे जेवढे उपाय माणसाला सुचले तेवढे त्यांनी करून पाहिले होते आणि प्रत्येकाला रंगेहाथ पकडलं होतं. त्यांच्या आईच्या घरी बाभळीचे काटे टोचून थर धरत. एकदा चाळीस काटे लावले आणि एकोणचाळीस निघाले. चाळिसावा त्यांच्या मामांनी शोधला, त्यावर बसून. मग सेफ्टी पिना आल्या. पिनांना गंज चढतो आणि तो नेमका पांढऱ्या काठावर डाग पाडतो, हे बाईंच्या मते योगायोगाने होत नाही. पुढे त्यांनी भाताच्या पेजेची खळ करून थर चिकटवून पाहिले आणि गोधडी अंगणात वाळत घातली. भर दुपारी शेजारची गाय आली आणि एका बाजूचा सगळा काठ चाटून गेली. गायीला शिकवून पाठवलं होतं असं ठरवून बाईंनी शेजारणीशी आठवडाभर अबोला धरला, आणि गायीशी तर अजूनही धरला आहे.

माझ्यादेखत नागपूरच्या भाचीने एक फवारायचा डबा पाठवला. फवारा मारला की थर एकमेकांना चिकटतात आणि धुतलं की सुटतात, असं तिने फोनवर सांगितलं. बाईंनी नाकाला पदर लावला, मोरीतलं एक झुरळ गाठलं आणि त्याच्यावर फवारून पाहिलं. झुरळ मेलं नाही, पण हललंही नाही. मिशा तेवढ्या हलवत राहिलं. बाई बराच वेळ त्याच्याकडे बघत होत्या. मग म्हणाल्या की असल्या वस्तूनं लेकराचं पांघरूण करायचं नाही, आणि डबा माझ्याकडे दिला. माझ्या चपलेचा अंगठा त्याने आठ दिवस टिकला.

उरला कच्चा टाका. तेवढा एकच त्यांना मान्य होता, तोही स्वतःच्या हातचा. जमीन पुसून वाळवायची, त्यावर खालचं कापड अंथरून चार कोपऱ्यांवर विटा ठेवायच्या, मग भराव, मग वरचं कापड. आणि मग बरोबर मध्यावर बसून तिथून बाहेरच्या दिशेला वीतवीत लांब टाके घालत जायचं. काठाकडून आत यायचं नाही. काठाकडून आत आलं की सुरकुती पळत पळत मध्ये येऊन बसते आणि मग ती घरातलीच होते. मध्यातून निघालं की तिला बाहेर हाकलता येतं. दोरा नेहमी लाल. लाल लुगड्यावर पिवळा. कच्चा टाका हा शेवटी काढून टाकायचा असतो, तेव्हा तो लांबून दिसला पाहिजे, शोभला नाही पाहिजे. हे चालू असताना समोरचा काठ कोणीतरी ताणून धरावा लागतो, आणि तो धरणारा माणूस मी होतो. भाड्याच्या अटींत हे धरलेलं होतं. शाळा सुटली की मी काठ धरून उकिडवा बसे, बाई टाके घालत आणि माझ्या बोटांवर नजर ठेवत. मी जांभई दिली तर सुई थांबे. "झोप येते, का ढील देऊन राह्यले?"

आणि एक नियम होता, ज्याला अपवाद नव्हता. ज्याने कच्चे टाके घातले त्यानेच ते काढायचे. दुसरा माणूस दोरा हिसकतो आणि पक्की शिवण दुखावते, असं बाई म्हणत. काही बायका त्यांच्याकडून नुसती टाचून घेऊन जात आणि पावसाळाभर घरी शिवत. पण शिवून झाली की टाके काढायला गोधडी घेऊन त्यांना पुन्हा मुलचेऱ्याला यावंच लागे. एकीने घरीच काढून टाकले. तिला बाई आजही ओळख देत नाहीत.

माझ्याआधी, तलाठ्यांच्याही आधी, समोरचा काठ बाईंची मुलगी धरत असे. नवरा लवकर गेला, ही एकच लेक. ही गोष्ट मला दुसऱ्या कोणी सांगितली नाही. टाके घालता घालता बाईंनीच तुकड्यातुकड्यांनी सांगितली, आणि प्रत्येक तुकड्यानंतर, तुमाले काऊन सांगून राह्यली मी, असं स्वतःलाच विचारलं. मुलीवर त्यांचा डोळ्यात तेल घालून पहारा होता. पोस्टमनवर संशय, मीटर बघणाऱ्यावर संशय, दूधवाल्यावर तर होताच. त्या वर्षी विहिरीवरची मोटार सारखी बिघडू लागली. जवळच्या बंगाली गावातला एक मुलगा दुरुस्तीला येई. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या कुटुंबांची ती गावं, मुलचेऱ्याच्या आसपास पुष्कळ आहेत. मुलगा खाली मान घालून काम करी आणि मोटार चालू करून जाई, की चार दिवसांत ती पुन्हा बंद. बाईंनी मोटारीवर संशय घेतला. मोटार विकणाऱ्यावर घेतला, वीजमंडळावर घेतला, विहिरीवरसुद्धा घेतला. त्या मुलावर घ्यायचा तेवढा राहून गेला. सातव्या दुरुस्तीनंतर मोटार कायमची नीट झाली आणि मुलगी चिठ्ठी ठेवून त्याच्या घरी गेली. रजिस्टर लग्न झालं. मोटार घरातून कोण बिघडवत होतं हे बाईंच्या तेव्हा ध्यानात आलं.

त्याला सहा वर्षं झाली होती. मुलीचं गाव सायकलवर अर्ध्या तासाचं, पण बाई गेल्या नव्हत्या आणि मुलीला येऊ नको असं कळवलेलं होतं. आठवडी बाजारात दोघी दिसत. बाई वांग्यांच्या ढिगापलीकडून तिच्याकडे बघत आणि वांगी किडकी आहेत म्हणून विकणारीशी भांडत. एवढी हुशार बाई, पण या बाबतीत मला त्यांचा रागच येई.

तिसऱ्या वर्षी हिवाळ्यात त्यांनी एक लहान गोधडी काढली. जेमतेम हातभर रुंद. वरचं कापड त्यांच्या स्वतःच्या लग्नातल्या लुगड्याचं होतं, हे मी काठावरून ओळखलं, कारण ते लुगडं त्यांनी मला एकदा पेटीतून काढून लांबून दाखवलं होतं. भरावाला एक फिका झालेला फुलाफुलांचा फ्रॉक उसवून घेतला होता. कोणाची आहे विचारलं तर म्हणाल्या, गिऱ्हाइकाची. मी काठ धरला, त्यांनी टाचली. दुसऱ्या आठवड्यात बघतो तर सगळे टाके उसवून गोधडी पुन्हा जमिनीवर. मधला थर सरकला म्हणे. पुन्हा टाचली. तिसऱ्या आठवड्यात पुन्हा उसवली. एवढ्या वर्षांच्या सहवासाने मलाही त्यांची सवय लागली होती. मला संशय आला. बाजारात थोडी चौकशी केली तेव्हा कळलं, मुलीला सातवा महिना आहे.

मी एकदा काठ धरल्या धरल्या सहज म्हणालो की सोमवारी मला त्या गावात सर्वेक्षणाला जायचं आहे. सर्वेक्षण खरंच होतं. बाईंची सुई थांबली. माझ्याकडे इतका वेळ बघत राहिल्या, की ते सर्वेक्षण मीच रचलं असावं असं मलाच वाटू लागलं. सोमवारी सकाळी त्यांनी एक बोचकं माझ्या सायकलला बांधलं, गाठ तीनदा ओढून पाहिली. आत ती गोधडी होती, नुसती टाचलेली. मी विचारलं, शिवून का नाही देत? दोन दिवसांचं तर काम.

बाई गाठीकडे बघत म्हणाल्या, "पक्की करून धाडली आन् त्याईनं कोपऱ्यात फेकून देली तं? कच्ची हाये तं वापस येईन. दोरा ओढला का माहं लुगडं माह्यापाशी." थोड्या वेळाने म्हणाल्या, "मी देली म्हनू नोका."

तिथे मला काही म्हणावं लागलंच नाही. मुलीने बोचकं सोडलं, लाल टाके बघितले आणि तशीच ओसरीवर खाली बसली. तिची सासू आतून आली. उंच, वाळलेली म्हातारी. त्यांच्या घरीही जुन्या साड्यांचे थर शिवून कांथा करतात, त्यामुळे तिला काही समजावून सांगायची गरज पडली नाही. तिने गोधडी मांडीवर घेऊन मधून काठाकडे तळहात फिरवला, एकही सुरकुती सापडली नाही, आणि सुनेला बंगालीत काहीतरी विचारलं. सुनेने डोळे पुसत मान हलवली. म्हातारीने गोधडी घडी घालून आत नेली. मला गूळ-मुरमुरे दिले.

मग माझी जी चौकशी सुरू झाली तशी आजवर कोणत्या अधिकाऱ्याने केली नसेल. कोणी घेतली? कोणत्या हाताने? घडी कशी घातली, लाल टाके आत की बाहेर? मुरमुरे आधी दिले का नंतर? दुसऱ्या महिन्यात त्या इथवर आल्या, की मी गोधडी वाटेत कुठेतरी टाकली किंवा घुग्घुसला बायकोला दिली. माझी पेटी उघडून बघण्याची परवानगी मी आपणहून दिली आणि त्यांनी ती बघितलीही. बाळ झाल्याची बातमी बाजारातून आली. मुलगी झाली होती. गोधडी परत आली नाही. गोधडीचं कोणी काही बोललंही नाही. बाई बाजाराला जायच्या बंद झाल्या. कॅलेंडरांची तिथी जुळवायच्याही बंद झाल्या, तेव्हा मात्र मला खरोखर काळजी वाटू लागली.

चार महिन्यांनी एका दुपारी दारात ऑटो थांबला. मुलगी उतरली, कडेवर बाळ, मागून ती म्हातारी सासू, तिच्या हातात गोधडी. मी ओसरीवर वह्या तपासत होतो. बाई दाराची चौकट धरून उभ्या राहिल्या.

मुलीने गोधडी त्यांच्यापुढे धरली. "आई, शिवून झाली. टाके काढून दे," ती म्हणाली. "ज्यानं घातले त्यानंच काढाचे असते ना?"

बाईंनी चष्मा लावला. गोधडी ओसरीवर पसरली आणि गुडघ्यांवर बसून तपासायला घेतली. म्हातारीने सगळी गोधडी तांदळाच्या दाण्याएवढ्या टाक्यांनी भरून काढली होती. कडेला मासोळ्या, मध्ये कमळ. पण लाल दोऱ्यावरून तिची एकही शिवण गेलेली नव्हती. जिथे जिथे लाल टाका आला तिथे ती अलगद बाजूने वळली होती. बाईंनी उलटून पाहिली, उजेडात धरली, काठ ओढून पाहिला. वह्या बाजूला ठेवून मीही बघत होतो. बाळ तेवढं मजेत होतं.

शेवटी बाई म्हातारीकडे बघून म्हणाल्या, "एवढं सरळ हातानं कोनी शिवते काय? मशीन मारली असन." घरमालकीणबाईंच्या तोंडून एवढी स्तुती मी ना आधी ऐकली होती ना नंतर ऐकली. म्हातारीला मराठी किती कळलं ठाऊक नाही. तिने हसून आपली बोटं पुढे केली. सुईने टोचून टोचून त्यांची टोकं खरखरीत झाली होती. बाईंनी ती बोटं हातात घेतली, माझे तळवे तपासले होते तशीच चोळून पाहिली, आणि मग बराच वेळ सोडली नाहीत.

त्यानंतर त्या टाके काढायला बसल्या. जे काम त्या अर्ध्या तासात उरकत त्याला त्या दिवशी संध्याकाळ झाली. एकेक दोरा हलक्या हाताने ओढून बोटाला गुंडाळत होत्या. मधल्या वेळात भात झाला, वांग्याची भाजी झाली, बाळ त्यांच्याच मांडीवर झोपलं. ऑटोवाला ओरडायला लागला तेव्हा बाईंनी गोधडी घडी करून मुलीच्या हातात दिली आणि नजर चुकवून म्हणाल्या, "एक टाका राह्यला. आता दिसत नाई मले. पुढच्या बाजारी घेऊन येजो." डोळे तर त्यांचे असे होते, की गायीने चाटलेला काठ त्यांना अंगणाच्या दुसऱ्या टोकाहून ओळखता येई. पुढच्या बाजाराला मुलगी आली. त्याही दिवशी एक टाका राहिलाच.

वर्षभराने माझी बदली घुग्घुसला झाली. निघताना बाईंनी माझं सामान तपासलं, त्यांची बादली त्यात नाही याची खात्री करून घेतली आणि वर एक मोठी गोधडी ठेवली. ती कधी केली, काठ कोणाकडून धरून घेतला, मला काही कळलं नव्हतं. मुलगी आणि सासू येत होत्या तेव्हा मी शाळेत असे, एवढंच. घरी येऊन बायकोने गोधडी पसरली आणि म्हणाली, हा एक लाल दोरा राहिला आहे इथे कोपऱ्यात, काढू का? मी जवळजवळ ओरडलोच तिच्यावर.

दुसऱ्या दिवशी फोन करून बाईंना सांगितलं, एक टाका राहिला आहे. पलीकडून म्हणाल्या की असं होणंच शक्य नाही, माझ्या हातून टाका राहत नाही, तुम्हीच मागून घातला असेल, शिक्षक लोकांचं काय सांगता येतं. आणि फोन ठेवायच्या आधी हळूच म्हणाल्या, "हात लावू नोका त्याले, गुरुजी. घेऊन या, मी काढीन."

त्याला आता चार वर्षं होत आली. दर सुट्टीत जायचं ठरवतो आणि काहीतरी निघतं. घुग्घुसची धूळ तुम्हाला ठाऊक आहे, इथे पांघरूण पंधरा दिवसांत काळं पडतं, धुवावंच लागतं. प्रत्येक धुण्यात तो दोरा थोडा फिका होतो. आता तो लाल म्हणवत नाही, गुलाबी झाला आहे, आणि एका जागी अगदी विरला आहे. बाई फोनवर अजून विचारतात, टाका आहे ना, का बायकोनं ओढला? आहे, मी सांगतो. त्यांचा विश्वास बसत नाही. हल्ली त्यांचा आवाजही बारीक झाला आहे. तो दोरा आपण होऊन तुटायच्या आत मला मुलचेऱ्याला जायला हवं.